दमलेलं मूल झोपत का नाही? स्वमग्न मुलांची झोप, सोप्या भाषेत

सकाळपासून एका जागी बसलं नाही, जिन्याच्या पायऱ्या शंभरदा चढलं-उतरलं, दुपारी डोळाही लागला नाही. तरी रात्री साडेअकराला हे मूल टक्क जागं असतं. कसंबसं बाराला झोपलं तर अडीचला उठून बसतं, स्वतःशीच हसतं, डबे वाजवतं आणि घर उठायच्या वेळी, पहाटे पाचला, पुन्हा आडवं होतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांच्या घरांना ही रात्र नवी नाही. निरनिराळ्या पाहण्यांमध्ये अशा मुलांपैकी साधारण ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा त्रास असल्याचं दिसतं.

दवाखान्यात मात्र ही गोष्ट सगळ्यात शेवटी, उठता उठता सांगितली जाते. बोलत नाही, नजर देत नाही, शाळेत बसत नाही, हे सगळं आधी येतं. झोपेचं ‘याचं असंच असतं’ म्हणून सोडून दिलेलं असतं. खरं तर झोपेचं आधी सांगायला हवं. कमी झोपलेल्या मुलाची चिडचिड, स्वतःला मारून घेणं, एकच हालचाल पुन्हापुन्हा करणं हे सगळं वाढतं. थेरपीत शिकवलेलंही डोक्यात टिकत नाही. शिवाय फारसा पैसा न लावता घरच्या घरी बरीच सुधारणा होऊ शकते अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत झोप आहे. फक्त रात्रीची दुरुस्ती सकाळपासून सुरू करावी लागते.

## आधी हे समजून घेऊ: झोप येते कशी?

झोपेमागे दोन यंत्रणा असतात. पहिलीला झोपेचा दाब म्हणतात. अंगणातला हौद डोळ्यांपुढे आणा. सकाळी उठल्यापासून त्यात बारीक धारेनं पाणी पडतंय. रात्री हौद काठोकाठ भरला की झोप लागते आणि झोपेत तो रिकामा होतो. संध्याकाळी पाच वाजताची तासाभराची डुलकी म्हणजे भरत आलेल्या हौदाची तोटी उघडणं. चहातलं कॅफिन हौद रिकामा करत नाही, पण तो किती भरलाय हे मेंदूला कळू देत नाही. आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या लेकरालाही बशीत चहा ओतून, त्यात बिस्किट बुडवून देतात. संध्याकाळचा तो अर्धा कप आपल्याला किरकोळ वाटतो. पंधरा किलोच्या मुलाला तो किरकोळ नसतो.

दुसरी यंत्रणा शरीरातल्या घड्याळाची. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडू लागते. दिवेलागण झाली, आता आवरतं घ्या, असा तो शरीरभर फिरणारा निरोप आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की या घड्याळाला चावी मिळते. रात्री डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मोबाईल पेटलेला असेल तर निरोप निघायलाच उशीर होतो.

## मग स्वमग्न मुलांचं अडतं कुठं?

काही मुलांत हा दिवेलागणीचा निरोपच क्षीण असतो. रात्रीचं मेलाटोनिन कमी असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलंय.

पण मला सर्वांत मोठं वाटणारं कारण वेगळं आहे. रात्री पीक राखायला शेतात जागल्या बसतो, तसा प्रत्येकाच्या मेंदूत एक जागल्या असतो. आपल्याला झोप येताना तो मचाणावरून खाली उतरतो. स्वमग्न मुलांत तो लवकर उतरत नाही. पंख्याची किरकिर, शर्टाच्या मागचं लेबल, नव्या चादरीचा खळीचा वास, मच्छर अगरबत्तीचा धूर, शेजारच्या पत्र्यावर पळालेलं मांजर, प्रत्येक गोष्टीला तो हाळी देतो. आपल्याला न जाणवणारी शिवण त्या मुलाला टोचते. ते खोटं बोलत नसतं. बऱ्याचदा तर बोलतच नसतं.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इतर लेकरं झोपायची वेळ माणसांकडं बघून शिकतात. आजी जांभई देते, आई ओट्यावरचं आवरते, अंथरुणं पडतात, आवाज हळू होतात. स्वमग्न मूल हे इशारे नीट वाचू शकत नाही. त्याच्या लेखी दिवा एकाएकी विझतो आणि खेळणं हातातून जातं. मग ते ओरडतं, आणि घर म्हणतं हट्टी आहे.

म्हणून ‘वळण लावलं नाही’ हा आरोप चुकीचा आहे. तो बहुतेक वेळा आईवर येतो, तोही रात्रभर जागलेल्या आईवर. त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली दुसरं भावंड नऊला झोपलेलं असतं.

## पहिलं काम: शरीरात काही दुखतंय का?

सवयी बदलायच्या आधी हे बघावं, कारण दुखणाऱ्या मुलाला कोणतंही वेळापत्रक झोपवू शकत नाही.

खडा होतो का, तीन-तीन दिवस शौचाला जात नाही का? स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठता आणि आम्लपित्त पुष्कळ दिसतं. किडलेला दात, कान दुखणं हे न बोलणाऱ्या मुलात नुसतं रात्रीचं रडणं म्हणून समोर येतं. झोपल्यावर तासा-दोन तासांनी ढुंगण खाजवत उठत असेल तर जंत आठवावेत. या सुतासारख्या कृमींची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची गोळी त्या दिवशी मुलानं थुंकली होती का, तेही आठवून बघा.

तोंड उघडं ठेवून घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकणं, मानेला घाम, ही टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्याची खूण असू शकते. हात-पाय लयीत झटकणं, डोळे फिरणं, अंथरुणात लघवी होऊन नंतर गळून जाणं, ही फिट असू शकते. स्वमग्नतेसोबत अपस्माराचं प्रमाण जास्त असतं. अशा वेळी मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. तोंडी वर्णनापेक्षा त्यांना त्यातून कितीतरी जास्त कळतं.

आणखी एक तपासणी आवर्जून मागावी: फेरिटिन. शरीरात लोहाचा साठा किती आहे ते यातून कळतं. हिमोग्लोबिन बरं असूनही साठा रिकामा असू शकतो. घरात पिठाचा डबा भरलेला, पण कणगी खाली, तसं. लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात. मूल पाय आपटतं, पाय चेपून मागतं, अंथरुणभर फिरतं. अशी लक्षणं असलेल्या मुलांत फेरिटिन ५० पेक्षा कमी असेल तर डॉक्टर लोह सुरू करण्याचा विचार करतात. औषध लिंबूपाण्यासोबत चांगलं शोषलं जातं, चहा-दुधासोबत वाया जातं. मात्र लोहाचं औषध मनानं सुरू करू नये, आणि बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नये. जास्त प्रमाणात ते विष ठरतं.

हे सगळं कुठं करायचं? जिल्हा रुग्णालयांमध्ये बालकांच्या विकासविषयक अडचणींसाठी केंद्रं आहेत, त्यांना सगळे डीईआयसी म्हणतात. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथं पाठवू शकतं. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढलेलं असेल तर निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. त्यात बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपीही येते.

## दुसरं काम: चौदा रात्रींची वही

‘रोज जागतं’ एवढ्यावरून कुणालाच उपाय सांगता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत किंवा वहीत रोज पाचच गोष्टी लिहा: अंथरुणावर कधी गेलं, झोप प्रत्यक्षात कधी लागली, रात्री कधी आणि किती वेळ उठलं, सकाळी कधी उठलं, दिवसा किती झोपलं. शेजारी चहा, मोबाईल, पाहुणे, लाईट गेली असं एखाद्या शब्दात. पंधरा दिवसांनी घरालाच दिसायला लागतं की बाजाराच्या दिवशी वाईट रात्र येते, किंवा शाळेच्या गाडीत रोज पाऊण तास झोप होतेय.

तुलनेसाठी: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आठ वर्षांच्या मुलाला रात्री आठला अंथरुणात घालून सकाळी आठची अपेक्षा ठेवली, आणि त्याची गरज दहा तासांचीच असली, तर उरलेले दोन तास ते जागून काढणारच. कधी सुरुवातीला, कधी मध्यरात्री.

## लवकर आडवं केलं की लवकर झोपेल ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घरं इथंच चुकतात. हौद भरलेला नसताना दोन तास अंधारात दाबून ठेवलेलं मूल एवढंच शिकतं की अंथरूण ही भांडायची जागा आहे. उपाय उफराटा वाटतो: आधी उशिरा झोपवा, मग हळूहळू अलीकडं या.

समजा, वहीत सात रात्री झोप लागल्याच्या वेळा ११.२०, ११.५०, ११.३०, १२.१०, ११.४०, ११.१५ आणि ११.४५ अशा आहेत. सरासरी निघते साधारण ११.४०. त्यात अर्धा तास मिळवा. पहिल्या रात्री अंथरूण १२.१० ला. तोवर दिवा मंद, मोबाईल-टीव्ही बंद, शांत खेळ: मणी ओवणं, डाळीत हात घालून बसणं, चित्रं रंगवणं. बारा वाजता झोप अनावर झालेली असते, त्यामुळं मूल पंधरा-वीस मिनिटांत झोपतं. अंथरूण आणि झोप यांची गाठ इथं बसते. सलग दोन-तीन रात्री असं झालं की वेळ पंधरा मिनिटं अलीकडं आणा, ११.५५. मग ११.४०. ९.१० ला पोचायला बारा पायऱ्या होतात, म्हणजे महिना-सव्वा महिना. एखाद्या पायरीवर पुन्हा तासभर लागायला लागला तर एक पायरी मागं जायचं.

हे जमतं फक्त उठायची वेळ पक्की ठेवली तर. रात्री कितीही गोंधळ झाला असला तरी सकाळी साडेसहाला उठवायचं, रविवारीही. उठवून ओसरीवर किंवा अंगणात वीस-तीस मिनिटं उजेडात. तिथंच दात घासणं, तिथंच दूध. रात्रभर जागलेल्या मुलाला सकाळी उठवताना आईचं काळीज तुटतं, पण दहापर्यंत झोपू दिलं की पुढची रात्र गेली. शाळेत जाणाऱ्या मुलाला दुपारची झोप सहसा लागत नाही. घ्यावीच लागली तर अर्धा तास आणि तीनच्या आत.

एक इशारा: फिट येणाऱ्या मुलात ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. झोप कमी पडली की फिट येऊ शकते.

## चित्रांची पट्टी

इशारे वाचता येत नसतील तर ते डोळ्यांसमोर ठेवावेत. मुलाच्या स्वतःच्या वस्तूंचे मोबाईलवर फोटो काढा: बाथरूम, रात्रीचे कपडे, पाण्याचा गडू, झिरोचा दिवा, त्याचं अंथरूण. दुसऱ्याचं चकचकीत बाथरूम चालत नाही. ते आपलं आहे हे काही मुलांना कळत नाही. स्टुडिओत छापून घ्या, लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर डकवा आणि डावीकडून उजवीकडं ओळीनं लावा. एक काम झालं की ते चित्र मुलानं स्वतः काढून डब्यात टाकायचं. रिकामी होत जाणारी ओळ त्याला सांगते की संपत आलं, आणि शेवटी काय येणार तेही आधीच कळतं. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं. चित्रं पाचाच्या वर नकोत.

अंघोळ यात घ्यायची का, हे मुलावर आहे. कोमट पाण्यानं अंग नंतर थंड होत जातं आणि झोपेला मदत होते. पण पाण्यात उसळणारं मूल अंघोळीनंतर तासभर नाचतं. त्याची अंघोळ संध्याकाळी सहाला उरका.

## आमच्या घरी एकच खोली आहे, इथं वेगळी खोली कुठली?

वेगळी खोली लागत नाही. ठरलेला कोपरा लागतो. रोज तीच बाजू, तीच वाकळ, तीच उशी. मध्ये दोरीवर जुनी सुती साडी टाकली तरी टीव्हीचा प्रकाश आणि माणसांची ये-जा अडते. टीव्हीचा आवाज मात्र साडीनं अडत नाही, म्हणून त्या तासात बातम्या बघणाऱ्या आजोबांनी कानात इअरफोन घालावा. सारं घर एकाच वेळी झोपलं पाहिजे असं नाही, पण एका तासापुरतं शांत झालंच पाहिजे.

आईजवळ झोपण्यातही गैर काही नाही. अडचण वेगळी आहे. झोप ही सलग नसते. सगळेच रात्रीतून कितीदा तरी वर येतो, कूस बदलतो आणि पुन्हा बुडतो. बाजेवर झोपलेल्या माणसाला जाग आली आणि तो बांधावर पडलेला असला, तर तो परत झोपेल का? थोपटून किंवा मोबाईल दाखवून झोपवलेल्या मुलाचं असंच होतं. वर आल्यावर थोपटणारा हात नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं. म्हणून हात हळूहळू काढायचा. तीन-चार रात्री थोपटणं कमी करून हात नुसता ठेवायचा, मग शेजारी बसायचं, मग हातभर अंतरावर पडायचं. शेजाऱ्याची भिंत लागून असलेल्या घरात ‘रडू द्या, गप्प होईल’ हा उपाय झेपत नाही, आणि स्वमग्न मूल दोन-दोन तास रडू शकतं. हळूहळू जाणंच बरं.

सुरुवातीच्या तीन-पाच रात्री त्रास वाढतो. उपाय फसला असं नाही. नेहमीची युक्ती चालेना म्हणून मूल जोर लावून बघतं. चौथ्या रात्री कुणी कळवळून मोबाईल हातात दिला, तर आणखी जास्त रडायचं असतं, हे ते शिकतं. म्हणून घरातल्या सगळ्यांशी, विशेषतः आजीशी, आधी बसून बोला. लग्नसराई, परीक्षा, गावातला सप्ता यांच्या तोंडावर सुरुवात करू नका.

उन्हाळ्याचं वेगळं बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं असतं, आणि अंग निवल्याशिवाय झोप लागत नाही. गच्चीवर झोपायचं तर कठड्याची उंची बघा आणि जिन्याला दार लावा. कूलरची सलग घरघर अनेक मुलांना झोपवते, पण लाईट गेली की एकाएकी शांतता होते आणि तीच मुलाला उठवते. बॅटरीवरचा छोटा पंखा रात्रीच्या सुरुवातीपासूनच उशाशी चालू ठेवला तर आवाज पूर्ण तुटत नाही.

## अडीचला उठलंच तर काय करायचं?

कंटाळवाणं व्हायचं. मोठा दिवा नाही, खाणं नाही, रागावणं नाही, हसवणंही नाही. रोज एकच वाक्य, त्याच सुरात: ‘रात्र आहे, झोपायचं.’ हाताला धरून अंथरुणावर. वीसदा उठलं तर वीसदा. रात्री मोबाईल मिळतो हे एकदा कळलं की मूल त्यासाठीच उठायला लागतं, म्हणून मोबाईल दुसऱ्या ठिकाणी, कुलपात. लघवी-पाण्याला उठलं तर तेवढं उरकून परत.

दोघांनी रात्र वाटून घ्या. एकानं झोपल्यापासून दोनपर्यंत, दुसऱ्यानं दोनपासून पुढं. वडील रात्रपाळीचं पाणी धरायला शेतात जात असतील तर त्या आठवड्यात मावशी, काकू, कुणीतरी सोबतीला लागतं. सलग न झोपलेली आई कोणताच उपाय महिनाभर चालवू शकत नाही.

## झोपेचं औषध देऊन भागणार नाही का?

२०२० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनं यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. क्रम असा: शारीरिक कारणं आणि चालू औषधं तपासा, मग सवयींचे उपाय, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर त्यांच्या जोडीला मेलाटोनिन. डॉक्टर ते साधारण १ ते ३ मिलिग्रॅमपासून, झोपायच्या अर्धा ते एक तास आधी सुरू करतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात, १० मिलिग्रॅमच्या वर नाही. झोप लवकर लागायला ते उपयोगी पडतं. मध्यरात्री उठण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि गोळी देऊन हातात मोबाईल दिला तर गोळी वाया जाते. दुकानातून मनानं आणू नये याला आणखी एक कारण आहे. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा त्यांतलं मेलाटोनिन लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघालं.

खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी देऊ नका. काही मुलं त्यानं उलटी पेटतात. आजोबांची झोपेची गोळी अर्धी करून तर कधीच नाही. मूल अतिचंचलतेचं औषध घेत असेल तर त्याच्या वेळेमुळंही झोप उडू शकते. ती वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.

जड पांघरुणाचीही बरीच जाहिरात होते. ब्रिटनमधल्या २०१४ च्या चाचणीत जड पांघरुणानं झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. आजीची जाड वाकळ आवडत असेल तर खुशाल वापरा. मुलाला ती स्वतः बाजूला सारता आली पाहिजे आणि तोंडावर येता कामा नये.

दृष्ट काढणं, अंगारा लावणं यानं घराला धीर येत असेल तर तेही असू द्या. वेळ मात्र चित्रांच्या पट्टीच्या आधीची ठेवा. धुराचा वास आणि चार माणसांची गर्दी झोपायच्या क्षणी नको. ‘बाहेरचं आहे’ म्हणून मुलाला मारहाण करणाऱ्याच्या दारात मात्र पाऊल टाकू नका.

## रात्रीचं दार आणि पाणी

घर झोपलेलं असताना मूल कडी काढून बाहेर जाऊ शकतं. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, आणि आपल्या शिवारात उघड्या विहिरी आहेत, शेततळी आहेत. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याची बाजू निसरडी असते, मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. दाराला मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर दुसरी कडी लावा, पण बाहेरून कुलूप घालू नका. आग लागली तर सगळे आत अडकतील. दाराच्या फळीला बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधा, उघडताना वाजतील. शेततळ्याला कुंपण आणि आत पोचेल असा गाठी मारलेला दोर कायमचा बांधून ठेवा. मूल सापडत नसेल तर आधी पाण्याकडं धावा, घर नंतर शोधा.

## बसलेली घडी विस्कटली तर

ताप, दिवाळी, पाहुणे, हमखास विस्कटते. पुन्हा सात रात्रींची वही, पुन्हा सरासरी, पुन्हा पायऱ्या. दुसऱ्या वेळी निम्म्या दिवसांत जमतं, असं बऱ्याच घरांत दिसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं सगळ्यात अवघड. पहाटे तीनला तळ उठतो, जागा बदलते, आवाज बदलतात. तिथं घड्याळ पाळणं अशक्य असलं तरी क्रम पाळता येतो. निघायच्या आधी दोन-चार रात्री मुलाला सोबत न्यायच्या वाकळीवरच झोपवा आणि ती धुवू नका, घराचा वास तिच्यात राहू द्या. कोपीत, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या खोपटात, पहिल्या रात्रीपासून तोच कोपरा, तीच पाच चित्रं, तेच एक वाक्य. कोपीच्या पाचटाला पट्टी चिकटत नाही. ती दोरीला चिमट्यांनी टांगावी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.